साहेबांच्या मिशा

राजारामपुरीच्या नवव्या गल्लीत, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, अक्काताईचा क्लास आहे. सैन्यात अधिकारी व्हायची परीक्षा देणाऱ्या पोरापोरींना ती तिथं फिजिक्स आणि गणित शिकवते. दारावर पितळी पाटी आहे : स्क्वाड्रन लीडर अक्काताई शेटे (निवृत्त). पाटी लावली त्याच आठवड्यात मुलीला घेऊन आलेल्या एका पालकानं ती नीट वाचली आणि आत येऊन आधी विचारलं, "मॅडम, लीडर म्हंजे कुठल्या गटाच्या?" 'निवृत्त'चं कोडं त्याला काही सुटत नव्हतं. लीडर कधी निवृत्त होतो होय? अक्काताईनं हा हवाई दलातला हुद्दा आहे असं समजावून सांगितलं. त्यावर गडी एकदम खुलला. "मग आमच्या पोरीला हवाई सुंदरीचाच कोर्स द्या की. रंग उजळ हाय तिचा."

असले नमुने महिन्याला दोन-तीन तरी येतात. पहिली काही वर्षं ती भांडायची, फळ्यावर चित्रं काढून दाखवायची. आता त्रेपन्नाव्या वर्षी तिनं हात टेकलेत. म्हणते, "बसा. फी खाली दवाखान्याशेजारी भरायची, मुलीला उद्यापासून पाठवा."

खरी गोष्ट अशी, की हवाई दलानं बायकांच्या हाती विमानं द्यायला सुरुवात केली तेव्हाच्या अगदी पहिल्या काही तुकड्यांमधली ती एक. चौदा वर्षं तिनं हेलिकॉप्टर चालवलं. ईशान्येच्या डोंगरांत ढगातनं वाट काढत जखमी जवान खाली आणले. तिच्या मागून गेलेल्या पोरींना आता लढाऊ विमानं मिळतात, पेपरात अर्धं पान मिळतं. हिला यातलं काही मिळालं नाही. करार चौदा वर्षांचा होता, तो संपला, तिनं वर्दी घडी घालून ठेवली आणि घरी आली. घरी म्हणजे राजारामपुरीत. खरं घर पन्नासेक किलोमीटरवर कुरुंदवाडला आहे, पण तिथं तिला विमान चालवणारी म्हणून कोणी ओळखत नाही. ही व्यवस्था तिच्या बापानं केली, आणि चोख केली.

भरमाप्पा शेटे यांचं कुरुंदवाडात घाटाकडं उतरणाऱ्या रस्त्यावर किराणा दुकान. आता ते मुलगा संगमेश बघतो. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय अप्पा पाण्याचा घोट घेत नाहीत आणि शब्दाला पक्का माणूस म्हणून गावात त्यांना मान आहे. अक्काताईची निवड झाली तेव्हा हा शब्दाला पक्का माणूस दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी गावभर सांगून आला, की पोरीला पुण्यात हवाई दलाच्या ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली.

कारणं त्यांच्यापाशी होती. पोरगी परक्या पुरुषाच्या मांडीला मांडी लावून विमानात बसते म्हटल्यावर स्थळ कोण आणणार? टायपिस्ट म्हटल्यावर तरी कुठं आणलं म्हणा. निपाणीचे एक पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, नोकरीत रात्रपाळी असती का? अक्काताई सरळ म्हणाली, "विमान रात्री पण उडतं." पाहुण्यांनी पोहे संपवले आणि गेले. अप्पा महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत.

मिरजेच्या स्टेशनवर पोचवायला मात्र ते आले होते. गाडी हलताना एवढंच म्हणाले, "गळ्यातलं लिंग काढू नको." हैदराबादजवळ प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी हुकूम झाला, की गळ्यात, बोटात, कानात काही ठेवायचं नाही. सुटी वस्तू नको तिथं अडकते आणि माणसं मरतात. इकडं लिंगायताच्या पोरीनं लिंग अंगावरून उतरवायचं म्हणजे श्वास उतरवण्यासारखं. अक्काताईनं उड्डाणाच्या पोशाखाला आतून, डाव्या खांद्याखाली, कापडी खिसा शिवला आणि लिंग त्यात ठेवून तोंड टाचून टाकलं. हुकूमही मोडला नाही आणि बापाचा शब्दही. पुढची चौदा वर्षं नवा पोशाख मिळाला, की ती आधी सुई-दोरा हातात घ्यायची.

ती पास होऊन बाहेर पडली तेव्हा एका पेपरात तिचा फोटो छापून आला. त्या दिवशी अप्पा उजाडायच्या आत एसटी स्टँडवर गेले, कुरुंदवाडला आलेले सगळेच्या सगळे अंक विकत घेतले आणि न्हाणीघरातल्या बंबात घातले. गावाला त्या दिवशी पेपर मिळाला नाही. हे तिला कितीतरी वर्षांनी अव्वानं, म्हणजे आईनं, मरायच्या आधी सांगितलं. अव्वा सांगताना हसत होती. अक्काताईला काही हसू आलं नाही.

मग २००५ चा पूर आला. कृष्णा आणि पंचगंगा एकदम फुगल्या आणि कुरुंदवाडचं बेट झालं. अक्काताईचं हेलिकॉप्टर उजळाईवाडीच्या विमानतळावर येऊन थांबलं होतं. तिसऱ्या दिवशी नकाशावर बोट ठेवून तिला जायचं गाव दाखवलं गेलं. ते तिचंच होतं. घाटाजवळच्या दुमजली घराच्या गच्चीवर सात माणसं अडकली होती. घर शालूबाईंचं. शेजारपाजारचे जीव वाचवायला त्यांच्या गच्चीवर चढले होते, आणि दुकानातली साखरेची पोती वर टाकायला गेलेले अप्पाही.

गच्चीवर हेलिकॉप्टर टेकवता येत नाही. ते हवेत एका जागी धरून ठेवायचं, बाजूच्या दारातून दोर सोडायचा आणि एकेकाला वर ओढून घ्यायचं. चालवणाऱ्याला बुडाखालचं काही दिसत नाही. दारात पालथा पडलेला जवान कानात सांगत असतो : दोन फूट डावीकडं, जरा वर, धर, धर. तेवढ्या शब्दांवर भरवसा ठेवून हात स्थिर ठेवायचे. पंख्याच्या वाऱ्यानं आजूबाजूच्या घरांची कौलं उडत होती. एक म्हातारा त्या कौलांवरून अजूनही हवाई दलाला शिव्या देतो. पहिल्या खेपेला चार माणसं आत आली. चौथे अप्पा होते.

अक्काताईनं यंत्र शेजारच्या वैमानिकाच्या हाती दिलं, मान वळवली आणि डोळ्यांवरची काळी काच वर केली. बाकीचे तिघे डोळे गच्च मिटून, डोकं गुडघ्यात घालून बसले होते. अप्पा तिच्याकडं बघत होते. पंख्याच्या आवाजात ओरडून बोललेलंही ऐकू जात नाही. त्यांनी हात आपल्या गळ्याला लावला आणि भुवया उंचावल्या. लिंग हाय न्हवं? तिनं खांद्याखालच्या खिशावर थाप मारली. अप्पांनी मान डोलावली. बारा वर्षांत त्या दोघांचं असं सरळ बोलणं पहिल्यांदाच झालं, तेही खुणेनं.

जयसिंगपूरच्या मैदानावर माणसं उतरवली तेव्हा पंखा चालूच होता. गच्चीवर अजून तिघं होती, त्यामुळं तिला खाली उतरता येत नव्हतं. तिनं काचेतून पाहिलं. अप्पांनी दारातल्या जवानाचे पाय धरले आणि गर्दीत शिरले. मागं वळून काही बघितलं नाही. गर्दीत निम्मं कुरुंदवाड होतं. कोणीतरी विचारलंच असणार, कोण हुता ओ पायलट? आणि अप्पांनी उभ्या उभ्या एक साहेब जन्माला घातला.

पंजाबी साहेब. सहा फूट उंच. मिशा अशा, की टोपाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या. पहिल्या वर्षी साहेब नुसता होता. दुसऱ्या वर्षी तो बोलायला लागला, "बाबाजी, घबराओ मत." पाचव्या वर्षी त्यानं अप्पांना स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं. अप्पा बोटांनी पीळ देऊन त्या मिशा दाखवायचे आणि गाव पोट धरून हसायचं. शाळेत पंधरा ऑगस्टला त्यांना ही गोष्ट सांगायला बोलवायला लागले. जन्मभर तराजूमागं बसलेल्या माणसाला म्हातारपणी हारतुरे मिळू लागले. घाटावर संगमरवरी फलकही लागला : अज्ञात वैमानिक साहेबांस, कुरुंदवाडकरांचा दंडवत.

अक्काताईच्या कानावर हे सगळं येत होतं. आधी तिला वाटलं, म्हातारा मजा करतोय, एक दिवस स्वतःच सांगेल. मग वाटलं, नोकरी संपवून गावाजवळ आल्यावर तरी सांगेल. नोकरी संपून सोळा वर्षं झाली. मधे तो संगमरवरी फलक २०१९च्या पुरात फुटून गेला, तेव्हा तिला मनापासून बरं वाटलं होतं.

यंदा पुराला वीस वर्षं झाली म्हणून गावानं नवा, काळ्या दगडाचा फलक करायचं ठरवलं. समितीचा अध्यक्ष अमरसिंह, शालूबाईंचा मुलगा. जून संपता संपता तो राजारामपुरीत क्लासवर आला. पाटीकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"ताई, तुम्ही हवाई दलाच्या ऑफिसात हुता न्हवं?" तो म्हणाला. "साहेबांचा पत्ता काय केल्या गावंना झालाय. तवा त्यांच्या वतीनं मानपत्र तुम्हीच घ्या. खातं एकच की."

अक्काताईनं हातातला खडू खाली ठेवला. "अमरसिंह, ते हेलिकॉप्टर मी चालवत होते. तुमच्या आईला मी उचललं."

तो हसला. मग ती हसत नाही हे बघून त्यानं हसू आवरलं. तिनं कपाटातून उड्डाणांची वही काढली आणि त्या दिवसाचं पान उघडून दिलं. अमरसिंहनं बोट फिरवत दोनदा वाचलं. उजळाईवाडी ते उजळाईवाडी, पूरकार्य, तीन तास चाळीस मिनिटं.

"ह्यात कुरुंदवाड कुठं हाय?"

"निघालो कुठून आणि शेवटी परत कुठं आलो एवढंच लिहितात त्यात."

"आसंल. पण ताई, अप्पा सवता आत बसलं हुतं. साहेबांच्या हातचं पाणी प्यालेत. एवढा देवमाणूस खोटं सांगंल व्हय?" तो उठला. तसा तो वाईट माणूस नव्हता. "एक काम करा. अप्पांनी सगळ्यांम्होरं एकदा म्हणू दे, ही माझी लेक हुती म्हणून. दुसरा दगड मी माझ्या पदरचा बसवतो, तुमच्या नावाचा."

मान, दगड, मानपत्र यांची अक्काताईला फारशी हाव नव्हती. पण बापाच्या तोंडून ते एक वाक्य तिला हवं होतं, चारचौघांत, तो जिवंत आहे तोवर. अप्पा शहाऐंशी वर्षांचे. रविवारी क्लासला सुट्टी देऊन ती कुरुंदवाडला गेली.

अप्पा दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. संगमेश आत गिऱ्हाईक बघत होता. तिनं आडवळणं घेतली नाहीत.

"अप्पा, येत्या कार्यक्रमात सांगा. हेलिकॉप्टर साहेब चालवत नव्हता, मी चालवत हुते म्हणून."

अप्पांनी तोंड रस्त्याकडं वळवलं. तिकडंच बघत म्हणाले, "वीस वर्षं सांगतोय मी. लोक म्हणतील, म्हातारा वीस वर्षं खोटं बोलत हुता."

"बोलतच हुतासा की."

"अक्का," संगमेश आतून म्हणाला, "ह्या वयात कशाला त्यांची फजिती करतीस? तुला काय कमी हाय आता?"

तिच्या तोंडात चांगलं कडक उत्तर आलं होतं. ते गिळून ती अप्पांच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसली, लहानपणी बसायची तशी, आणि म्हणाली, "अप्पा, मला एकदा तुमच्या तोंडनं ऐकायचंय. बाकी काय नको. तुम्ही बघितलासा न्हवं मला? गळ्याला हात लावलासा."

अप्पांचा हात आपोआप छातीशी गेला. "बघितलं," ते म्हणाले. मग, "ये कार्यक्रमाला. बघू."

'बघू' या शब्दाचा अर्थ कुरुंदवाडात 'नाही' असा होतो हे ती जन्मापासून जाणून होती. तरी गाडीत बसल्यावर ती गाणं गुणगुणत होती. त्रेपन्न वर्षांची बाई, पण त्या दिवशी ती शाळेतून पहिला नंबर घेऊन निघालेल्या पोरीसारखी घरी गेली.

कार्यक्रम शाळेच्या सभागृहात, सकाळी दहाला. घाटावरच घ्यायचा होता, पण पाऊस हटेना. व्यासपीठावर अमरसिंह, दोन पुढारी, अप्पा आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर अक्काताई. भाषणं झाली. पुढाऱ्यांनी पुराचं श्रेय आपापसात वाटून घेतलं. मग अमरसिंहनं अप्पांना हात धरून माईकपाशी नेलं आणि सभागृह सावरून बसलं. हाच भाग ऐकायला लोक आले होते.

अप्पा छान सांगत होते. पाणी किती पायऱ्या चढलं, शालूबाईंनी गच्चीवर भाकरी कशा वाटल्या, पोती कशी विरघळली. दोर खाली आला, कमरेला बांधला, पाय सुटले. "आत गेलो," अप्पा म्हणाले. "म्होरं बसला हुता त्यानं मान वळवली. काळी काच वर केली." आणि ते थांबले. मागच्या रांगांतली पोरं आताच हसायला लागली होती.

"तो साहेब न्हवता," अप्पा म्हणाले. "ती आमची अक्काताई हुती. लिंग गळ्यात हाय काय म्हणून मी खुणेनं इचारलं. तिनं खिशावर हात मारला."

अक्काताई खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकली. वीस वर्षं ती या वाक्याची वाट बघत होती, आणि ते हवेत होतं, माईकवरून, सगळ्या गावासमोर.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "आन मिशा ओ अप्पा?"

अख्खं सभागृह फुटलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. अमरसिंह लगबगीनं पुढं झाला, अप्पांच्या पाठीवर हात ठेवला, "दमलासा काय, अप्पा? पाणी घ्या," आणि माईक आपल्याकडं वळवून म्हणाला, "मंडळी, वय झालं की मानसाला सगळीकडं आपलंच माणूस दिसतं. लेकीवरची माया हाय ही." टाळ्या पडल्या. लोकांचे डोळे खरोखर पाणावले होते.

अक्काताई उठून उभी राहिली. "अप्पा खरं सांगताहेत," ती मोठ्यानं म्हणाली. "मीच होते."

पहिल्या रांगेतल्या एका बाईनं शेजारणीला कोपर मारलं. "बघ गं, बापाची लाज कशी राखती पोरगी," ती म्हणाली. अक्काताईला ते स्पष्ट ऐकू आलं. जे जे बोलेल ते बापावरची माया म्हणूनच मोजलं जाणार होतं.

"मिशा, अप्पा, मिशा," मागची पोरं तालावर म्हणू लागली.

अप्पा माईकला धरून उभे होते. त्यांनी एकदा समोर बघितलं. एवढी माणसं त्यांना वेडा म्हातारा समजून मायेनं हसत होती, आणि तीच माणसं दरवर्षी त्यांच्या गोष्टीवर जीव टाकायची. मग त्यांनी अक्काताईकडं बघितलं. तिनं मान हलवली, नको म्हणून. ते अप्पांना दिसलं. दिसलं, याची तिला खात्री आहे. तरी त्यांचे दोन्ही हात वर गेले, बोटं नाकाखाली आली आणि त्यांनी ऐटीत पीळ दिला.

टाळ्या थांबेनात. अक्काताईला बापाचा इतका राग आला, की डोळ्यांसमोरचं सभागृह क्षणभर दिसेनासं झालं. खरं सांगितलं तर गावानं सहज विश्वास ठेवला असता, अशा कितीतरी वेळा आल्या आणि गेल्या. तेव्हा ते मिशा रंगवत बसले. आज खरं बोलले, तर ते खरं कोणी घेईना, आणि ते एवढं अंगावर येताच त्यांनी लेकीला सोडून पुन्हा साहेबाचा हात धरला. अप्पा खुर्चीवर येऊन बसले आणि तिच्याकडं न बघता पुटपुटले, "बोललो मी. बोललो न्हवं?"

अमरसिंहनं नाव पुकारलं. ती पुढं गेली. शाल, श्रीफळ, चौकटीतलं मानपत्र. वर मोठ्या अक्षरांत 'वैमानिक साहेबांस'. साहेबांच्या वतीनं ते तिनं दोन्ही हातांनी घेतलं, फोटोसाठी सरळ उभी राहिली, सवयीनं टाचा जुळल्या.

खाली उतरताना शालूबाईंनी तिची वाट अडवली. ऐंशीच्या पुढच्या, काठीवर वाकलेल्या. त्यांनी मानपत्राच्या काचेवरून हात फिरवला आणि तोच हात कपाळाला लावला.

"बाई, तुमच्या खात्यात कवा साहेब भेटलं तर सांगा," त्या म्हणाल्या. "शालू अजून जित्ती हाय म्हणावं. आन त्येंच्या आईला सांगा, असा लेक पोटाला यायला भाग्य लागतं."

"सांगते," अक्काताई म्हणाली.